वाचताना वाटलेले भय

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही काही व्याख्याते नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे एक साधे पदवीधर आहोत. वाचनाची आवड आहे, एवढेच आमचे भांडवल.

आजचा विषय फलकावर लिहिला आहे, ‘आजवर वाचलेले सर्वांत भयंकर काय?’ विषय वाचून काही विद्यार्थी मघाशी हसत होते. त्यांना वाटले असेल, काका आज भुताखेतांच्या गोष्टी सांगणार. त्यांचे चुकले नाही. आमच्या शाळकरी वयात आम्हीही नारायण धारपांच्या कथा कंदील फडफडावा तसे फडफडत्या छातीने वाचल्या आहेत. रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत होत नसे. परंतु सकाळ झाली की ते भय पळून जाई. पुस्तक वाचनालयात परत केले की भूतही पुस्तकाबरोबर परत जाई.

जे भय पुस्तक परत केल्यावरही घरातून जात नाही, त्याविषयी आम्हाला आज बोलायचे आहे. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्यावर येऊन पडला. कसा, ते आधी सांगितले पाहिजे.

आपल्या विहारात वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. मागच्या खेपेस आम्ही असे सुचवले की, आठवी ते बारावीच्या मुलांसाठी रविवारी दुपारी वेगळा वाचनवर्ग घ्यावा आणि त्यात बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेसे आत्मकथन वाचावे. बाबासाहेबांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे १९९३ साली तो महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या लेखन आणि भाषणे या मालेच्या बाराव्या खंडात आला. अवघी काही पाने. बैठकीत वाचून संपेल इतकी. कार्यकारिणीने मान्यता दिली. वाचन सुरू झाले.

तिसऱ्या रविवारनंतर आमचे एक सभासद, आमचे जुने मित्र, आमच्या घरी आले. त्यांची नववीतली मुलगी वर्गाला येत होती. त्यांनी चहालाही हात लावला नाही. म्हणाले, “मुलगी दोन रात्री झोपलेली नाही. आम्ही पोटाला चिमटा काढून मुलांना उजेडात वाढवले. तुम्ही त्यांना परत अंधार दाखवता. हे बंद करा.” पुढच्या सभेत त्यांनी तसा लेखी अर्जही दिला. सभासदांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, हा आपला इतिहास आहे, वाचलाच पाहिजे. कोणी म्हणाले, मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके द्या, रडगाणे कशाला? शेवटी निर्णय होईपर्यंत वर्ग स्थगित झाला. तेव्हा मुलांना हे वाचायला द्यावे की देऊ नये, हाच आजच्या भाषणाचा खरा प्रश्न आहे.

त्या पानांत आहे तरी काय?

पहिली हकिकत १९०१ सालची आहे. बाबासाहेब नऊ वर्षांचे. वडील कोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. त्यांनी मुलांना सुटीत बोलावले. बाबासाहेब, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून साताऱ्याहून आगगाडीने निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांकडून न्यायला कोणी आले नाही, कारण मुलांचे पत्रच त्यांच्या हाती पडले नव्हते. स्टेशनमास्तराने चौकशी केली, मुलांनी निरागसपणे जात सांगितली, आणि त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान त्यांच्याबरोबर बसायला तयार होईना. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची असे ठरले. बरोबर डबा होता, अन्न होते. पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून भरल्या डब्याजवळ मुले उपाशी राहिली. या हकिकतीत कोणी कोणाला मारलेले नाही. कोणी हात उगारलेला नाही. फक्त पाणी दिलेले नाही.

दुसरी एक हकिकत काठेवाडातील आहे. एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ पत्रात १२ डिसेंबर १९२९ रोजी प्रसिद्ध झाले होते, ते बाबासाहेबांनी दिले आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार मंडळींनी शब्द टाकला तेव्हा आला, पण वस्तीत शिरणार नाही या अटीवर. आजारी बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला आणि न्यूमोनिया आहे असे सांगितले. पुढे तो पुन्हा पाहायला आला नाही. ती बाई गेली.

बंधू-भगिनींनो, तो थर्मामीटर आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. काचेची ती एवढीशी नळी विज्ञानाची आहे. तो डॉक्टर शिकलेला आहे. ताप म्हणजे देवीचा कोप नव्हे, हे त्याला कळते. फक्त समोर माणूस आहे हे त्याला कळत नाही.

आणि तिसरी हकिकत, जी वाचून त्या मुलीची झोप उडाली. ६ मार्च १९३८ रोजी मुंबईत दादरला कासारवाडीत इंदुलाल याज्ञिक यांच्या अध्यक्षतेखाली भंगी समाजाची सभा झाली. या सभेत एका तरुणाने आपला अनुभव सांगितला. हा मुलगा १९३३ साली व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाला होता. १९३६ च्या फेब्रुवारीत बोरसद तालुक्याच्या मामलेदार कचेरीत तलाठी म्हणून त्याची नेमणूक झाली. नेमणुकीचा हुकूम घेऊन तो कारकुनासमोर उभा राहिला. कारकुनाने जात विचारली. मग दूर उभे राहायला सांगितले, कागद जमिनीवर टाकायला लावले आणि ते उचलून घेतले. गावात त्याला भाड्याने जागा मिळेना. भजी विकत घेऊन तो गावाबाहेर एकांतात खाई आणि रात्री कचेरीच्या ओसरीवर झोपे. पुढे आपल्या वडिलोपार्जित गावाहून रोज अकरा मैलांची पायपीट करून कामावर येई.

एके दिवशी त्याला जवळच्या गावी बोलावले. काम होते गावच्या लोकसंख्येचा तक्ता तयार करण्याचे. चावडीत मुखी आणि तलाठी काम करीत बसले होते. दाराशी उभे राहून याने नमस्कार केला. कोणी लक्ष दिले नाही. सुमारे पंधरा मिनिटे तो तसाच उभा राहिला. पाय दुखले, मन विटले, आणि जवळ एक खुर्ची होती तिच्यावर तो बसला. मुखी आणि तलाठी काही न बोलता उठून निघून गेले. थोड्याच वेळात जमाव जमला. त्याला खुर्चीवरून उठवून खुर्ची काढून घेतली. तो जमिनीवर बसला. तरी जमाव आत शिरला. कोणी शिव्या देत होते, कोणी धारियाने तुकडे करण्याच्या धमक्या देत होते. तो हात जोडून गयावया करीत होता.

तेव्हा त्या तरुणाने काय केले? त्याने गावच्या नोकराकडून कागदाचा एक तुकडा मागून घेतला. खिशातले शाईचे पेन काढले आणि सगळ्यांना वाचता येईल अशा ठळक अक्षरांत मामलेदारांना अर्ज लिहिला. अर्जाची सुरुवात रीतसर नमस्काराने. नंतर, आज आपल्यावर मृत्यू ओढवतो आहे, आईबापांचे ऐकले असते तर ही वेळ आली नसती, आपल्या मरणाची खबर तेवढी त्यांना कळवावी, अशी विनंती.

आम्ही नोकरीत हजारो अर्ज वाचले आहेत. रजेचे अर्ज, कर्जाचे अर्ज, मयत खातेदाराच्या वारसाचे अर्ज. असा अर्ज आम्ही कधी वाचला नव्हता. मरणाच्या दारात बसलेला माणूस सरकारी शिष्टाचार सोडत नाही. कागदावर त्याचा अजून विश्वास आहे. लिहिलेले कोणीतरी वाचील या आशेवर तो जिवंत राहू पाहतो आहे.

आणि तो अर्ज वाचला गेला. कोणी वाचला? त्या जमावाच्या म्होरक्याने. तो म्होरक्या कोण होता, हे ऐकून ठेवा विद्यार्थी मित्रांनो. तो गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होता. ती खुर्ची त्याची होती. त्याने अर्ज वाचला आणि फाडायला लावला. संध्याकाळी सातपर्यंत त्या तरुणाला कोंडून ठेवले. नोकरी सोडण्याचे वचन दिल्यावर त्याची सुटका झाली. पंधरा दिवसांची रजा घेऊन तो मुंबईला आईबापांकडे परतला.

वर्ग स्थगित झाल्यावर ती नववीतली मुलगी एकदा आम्हाला विहाराच्या पायरीवर भेटली. तिने धारियाविषयी काही विचारले नाही. ती म्हणाली, “काका, तो तर लायब्ररीवाला होता. पुस्तकांत बसणारा माणूस असा कसा असेल?” आम्ही म्हणालो, सांगू पुढे कधीतरी. खरे म्हणजे आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात आम्ही जे वाचले आणि जे स्वतःत पाहिले, ते आज सांगतो.

भय तीन प्रकारचे असते असे आम्हाला आढळले. पहिले भय असे की, हे आपल्यावर येईल. पाणी मिळणार नाही, जागा मिळणार नाही, खुर्चीवरून उठवतील. आपल्या आज्या-पणज्यांनी हे भय रक्तात वागवले. गौतम धर्मसूत्रात लिहिले आहे की, शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी. म्हणजे आपल्यासाठी वाचनाचे भय पुस्तकातल्या मजकुराचे नव्हते, पुस्तकाला हात लावण्याचेच होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते या भयाचे दहन होते. त्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. नाहीतर त्यांना अर्धाच इतिहास कळेल.

दुसरे भय असे की, हे करणारे अडाणी नव्हते. याचे उदाहरण आपल्या देशापुरते नाही. जर्मनीत बर्लिनच्या कडेला वान्झी नावाचे तळे आहे. तळ्याकाठच्या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी एक बैठक झाली. पंधरा अधिकारी हजर होते. त्यांतले आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. अध्यक्ष होते हायड्रिश, इतिवृत्त लिहिणारा आइखमन. विषय होता युरोपातील सर्व ज्यू लोकांचा ‘अंतिम निकाल’. त्या इतिवृत्ताच्या तीस प्रती काढल्या होत्या. त्यांतली सोळावी प्रत युद्धानंतर १९४७ साली जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत सापडली, म्हणून जगाला ते वाचायला मिळाले.

मित्रहो, ते इतिवृत्त पंधरा पानांचे आहे. त्यात रक्ताचा थेंब नाही. ‘मारणे’ हा शब्दही सरळ वापरलेला नाही. ‘पूर्वेकडे रवानगी’, ‘योग्य ती वागणूक’ अशी कचेरीची भाषा आहे. आणि त्यात एक तक्ता आहे. डाव्या बाजूला देश, उजव्या बाजूला ज्यूंची संख्या. इंग्लंड ३,३०,०००. आयर्लंड ४,०००. अल्बानिया २००. एस्टोनियासमोर आकडा नाही, तेथे ‘ज्यूमुक्त’ असा शेरा आहे, कारण तेथील काम आधीच उरकले होते. खाली बेरीज, १ कोटी १० लाखांहून अधिक. पुढच्या तीन वर्षांत आणि त्याआधी मिळून नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारले.

आम्ही तो तक्ता पाहिला तेव्हा कारकुनाच्या सवयीने प्रथम आकड्यांची मांडणी पाहिली. आकडे एकाखाली एक, सरळ. कोणीतरी टंकलेखन करताना काळजी घेतली आहे. अल्बानियाचे २०० सुद्धा सोडले नाहीत. मग एकदम अंगावर काटा आला. ज्याने हे टंकलिखित केले असेल, तो संध्याकाळी घरी गेला असेल, मुलांशी बोलला असेल. बोरसदकडचा तो तरुण लोकसंख्येचा तक्ता करायला गेला होता आणि त्याला तक्त्याला हात लावू दिला नाही. इकडे डॉक्टरेट मिळवलेल्यांनी माणसांचा तक्ता केला आणि त्यातली माणसे पुसून टाकली. तक्ता वाईट नसतो, पेन वाईट नसते, पुस्तकही वाईट नसते. ते कोणाच्या हाती आहे आणि त्या हातामागे काय आहे, हे पाहावे लागते.

म्हणूनच बाबासाहेब प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा यांचा आग्रह धरीत. ज्यांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्यांच्याइतके पुस्तकांवर प्रेम कोणी केले नसेल. तरीही नुसती विद्या पुरेशी आहे असे ते म्हणाले नाहीत. तो ग्रंथपाल, तो डॉक्टर, ते पंधरा अधिकारी यांच्याजवळ विद्या होती. त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर सांगायला आम्हाला संकोच वाटतो. परंतु ते न सांगता खाली बसलो तर हे भाषण खोटे ठरेल. तिसरे भय असे की, तो मीच असेन.

काही वर्षांपूर्वी महिनाअखेरीस आमच्या काउंटरवर मोठी रांग होती. एक वयस्क बाई पैसे काढायला आल्या. ठेकेदाराकडे साफसफाईचे काम करणाऱ्या, हे त्यांच्या अंगावरच्या जाकिटावरून दिसत होते. स्लिपवरची सही नमुन्याशी जुळत नव्हती. नियमाप्रमाणे पैसे देता येत नव्हते, यात आमचे चुकले नाही. परंतु आम्ही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे म्हणालो, “आधी सही शिकून या, मग पैसे काढायला या.” आणि ती स्लिप हाताने उचलून दिली नाही. पेनच्या टोकाने त्यांच्याकडे सरकवली. त्या काही बोलल्या नाहीत. स्लिप घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन आल्या. नातवाने सांगितले तसा त्यांनी अंगठा दिला, आम्ही पैसे दिले. स्लिप काउंटरवर ठेवताना त्यांनी हात चटकन मागे घेतला. आमचा हात लागू नये म्हणून की त्यांचा आम्हाला लागू नये म्हणून, ते आम्ही तेव्हा विचारात घेतले नाही.

मुलांसमोर त्या कारकुनाने कागद जमिनीवर टाकायला लावल्याचे वाक्य आम्ही मोठ्याने वाचत होतो, तेव्हा आम्हाला ते पेनचे टोक आठवले आणि आमचा आवाज अडकला. मुलांना वाटले, काकांना भरून आले. भरून आले नव्हते. आम्ही घाबरलो होतो. आम्ही स्वतःला नेहमी त्या तरुणाच्या जागी ठेवून ते पुस्तक वाचले होते. काउंटरच्या आतल्या बाजूलाही आपण बसलेलो असू शकतो, हे आम्हाला प्रथम कळले. घरात तथागतांची मूर्ती आहे, गळ्यात जयभीम आहे, रोज पंचशील म्हणतो, आणि हाताऐवजी पेनचे टोक पुढे करतो. आजवर वाचलेले सर्वांत भयंकर काय, असे आम्हाला विचाराल तर आमचे उत्तर हेच. ज्या पानावर आम्ही स्वतःला ओळखले, ते पान.

पुन्हा त्या बाई आल्या तेव्हा आम्ही पासबुक हातात दिले आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, “कवाचं? मला आठवत न्हाई.” त्यांना आठवत नव्हते, की असे इतक्यांदा घडले होते की त्यांतले नेमके कोणते ते आठवत नव्हते, कोण जाणे. आमच्या मनावरचे ओझे काही उतरले नाही. उतरूही नये.

आता प्रश्न उरतो, अशा भयाचे करायचे काय? पुस्तक मिटायचे काय?

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. श्रावस्तीला जेतवनात जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना विचारतो की, अरण्यातला एकांतवास फार कठीण असतो ना? तेव्हा भगवंत त्याला संबोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगतात. रात्रीच्या वेळी ते मुद्दाम भीतिदायक स्थळी जाऊन राहत. एखादे हरीण येई, मोर काटकी पाडी, वारा पानांत सळसळे, आणि भय येई. तेव्हा त्यांनी असे ठरवले की, चालत असताना भय आले तर चालतच राहायचे. ते शमेपर्यंत बसायचे नाही. बसले असताना आले तर बसूनच राहायचे. उठून पळायचे नाही. ज्या अवस्थेत भय आले, त्याच अवस्थेत त्याला पाहून संपवायचे.

आमच्या अल्प बुद्धीला यातून वाचनाचा नियम सापडतो. वाचताना भय आले तर वाचतच राहायचे. त्या पानावर पुस्तक मिटले तर भय आत कोंडले जाते. पुढे वाचले तर त्याचे कारण दिसते, आणि कारण दिसले की उपायाचा विचार सुरू होतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध आहे, निरोधाचा मार्ग आहे. भयाचेही तसेच आहे.

येथे विद्यार्थ्यांना एक सावधगिरीची सूचना. हल्ली मोबाईलवर घाबरवणारा मजकूर दिवसभर येत असतो. अमुक समाजापासून सावध राहा, तमुक ठिकाणी असे घडले. त्याला ना तारीख, ना ठिकाण, ना लिहिणाऱ्याचे नाव. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी शिकवले की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. मजकूर कोणाचा द्वेष करायला सांगतो की समजून घ्यायला लावतो, ही आणखी एक कसोटी. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये साल आहे, गाव आहे, आणि स्वतःवर कोसळलेल्या प्रसंगांतही बाबासाहेबांची भाषा कुठे सुटलेली नाही. घाबरवणारे लिखाण आणि जागे करणारे लिखाण यांतला फरक तेथे शिकता येतो.

राहिला आमच्या मित्राचा आक्षेप, की मुलांचे वय लहान आहे. त्यांची काळजी खोटी नव्हती. मुलीला भय घालून आम्ही तिला तशीच घरी पाठवली, ही आमची चूक होती. परंतु वयाचा मुद्दा पाहू. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. आपल्या माणसांना इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरत असत, हे त्यात लिहिले आहे. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुलगी होती. मसूरच्या रस्त्यावर रात्रभर तहानलेला मुलगा नऊ वर्षांचा होता. ज्या वयात त्यांनी हे सोसले आणि लिहिले, त्या वयाच्या मुलांना ते वाचता येणार नाही, असे कसे म्हणावे? मात्र एकट्याने नाही. शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसलेले हवे.

आमच्या मित्राच्या घरी पुढे काय झाले, ते त्यांच्याच परवानगीने सांगतो. मुलगी ऐकेना. तिने विचारले, “बाबा, तुमच्या बाबतीत असं कधी झालं का?” ते आधी नाही म्हणाले. मग रात्री दिवा मालवल्यावर त्यांनी तिला सांगितले की, लग्नानंतर या शहरात ते भाड्याची खोली शोधत होते, तेव्हा आडनाव ऐकून तीन ठिकाणी अनामत रक्कम परत केली गेली होती, आणि चौथ्या ठिकाणी त्यांनी आडनाव बदलून सांगितले होते. हे त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री मुलगी झोपली. आमचे मित्र झोपले नाहीत. सकाळी येऊन त्यांनी अर्ज मागे घेतला. म्हणाले, “अंधार तुम्ही दाखवला नाहीत. तो आमच्याच घरात होता. पोरीला तो वासावरून कळला होता.”

कार्यकारिणीने आता वर्ग पुन्हा सुरू केला आहे. नियम दोनच केले आहेत. प्रत्येक मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस बसेल. आणि वाचन संपल्यावर पुस्तक मिटून कोणी लगेच उठणार नाही. सगळ्यांनी मिळून बोलायचे, शेवटी थोडा वेळ मैत्री भावना करायची आणि मग घरी जायचे. मैत्री भावना त्या तरुणासाठी, त्या बाळंतिणीसाठी, आणि जमले तर त्या ग्रंथपालासाठीही. हे शेवटचे अजून आम्हाला जमलेले नाही. मुलांना कदाचित लवकर जमेल.

शेवटी एक विनंती. आपल्या संस्थेच्या वाचनालयात एक खुर्ची आहे. ग्रंथपालाची म्हणून सगळे ती मोकळी ठेवतात. तसा काही नियम नाही, पण पडली आहे पद्धत. अध्यक्षांची अनुमती असेल तर ही पद्धत आजपासून बंद करावी. जो वाचायला येईल तो त्या खुर्चीवर बसेल. विहार झाडायला येणाऱ्या मावशी दमल्या तर त्याही बसतील.

आमचे बोलणे लांबले.  काही चुकले असेल तर ते आमचे, काही हाती लागले असेल तर ते तथागतांचे आणि बाबासाहेबांचे.

भवतु सब्ब मंगलम्. नमो बुद्धाय! जयभीम!